सात नंबरच्या खाटेवरची बाळंतीण

२ डिसेंबर, मंगळवार

सात नंबरला आज बाळंतीण आली. आमच्या वॉर्डात! दहा खाटांचा मनोविकार वॉर्ड — दारू सोडवायला आणलेले, भास होणारे, झोप उडालेले — आणि त्यात ही चोवीस वर्षांची पोर. डोक्याला रुमाल, कानात कापूस, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. नाव शिवांजली. सास्तूरकडची. बाळंत होऊन सव्वीस दिवस झालेत. त्यातले अकरा दिवस डोळ्याला डोळा नाही.

बरोबर नवरा, मल्हार. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणे. आणि सासू मथुराबाई, साठीची, बाळ पदराखाली घट्ट धरून बसलेली. मुलगी आहे.

डॉक्टर रणधीर सरांनी विचारलं, "आईला पाजू देता ना?"

"न्हाय. तिच्यापाशी द्यायचं न्हाय," सासू म्हणाली. बस्स. कारण नाही की काही नाही. नवरा खाली बघत होता.

मुलगी झाल्याचा राग, दुसरं काय! पंधरा वर्षांत असली तोंडं खूप पाहिलीत. बाळ घेऊन ती मागच्या नातेवाइकांच्या खोलीत राहणार आहे. वरचं दूध पाजतात. पान्हा दाटलेली आई वीस पावलांवर, आणि लेकराच्या तोंडात बाटली!

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी बीपी घेताना शिवांजलीनं माझा हात धरला. हळूच म्हणाली, "सिस्टर, छातीचा दगड झालाय बगा. बाळीला आणा की एकडाव. तुमालाच सांगायलेय, दुसऱ्या कुणाला बोलू नका."

मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. पिळून काढायला शिकवलं. ती रडत होती, आवाज न करता.

मला माझेच दिवस आठवले. उत्कर्ष चार महिन्यांचा होता, त्याला आईकडं ठेवून मी सोलापूरला नोकरीवर रुजू झाले होते. ड्युटीवर पान्हा फुटायचा. दोन-दोन रुमाल घडी करून ठेवायचे आत. आज तो लातूरला होस्टेलवर आहे. फोन केला तर "हं, बोल" एवढंच म्हणतो. असो. त्याचा इथं काय संबंध?

५ डिसेंबर, शुक्रवार

अर्पितानं सात नंबरच्या फाईलवर लिहून ठेवलंय — 'बाळ रुग्णाजवळ देऊ नये.' खाली सही. मला न विचारता!

अर्पिता आमची समुपदेशक. सत्तावीस वर्षांची आहे, शहाणी आहे, माझ्या डब्यातली शेंगाचटणी तिला लागतेच. मी म्हटलं, "अगं, तिला बाळ हवंय. मला स्वतः सांगितलंय तिनं."

"मला उलटं सांगितलंय, ताई."

"काय सांगितलं?"

"ते नाही सांगू शकत. विश्वासानं बोललीय ती माझ्याशी. फक्त माझ्याशी."

फक्त माझ्याशी! जसं काही मी रस्त्यावरची. तुला मूल नाही, तुला काय कळणार — हे माझ्या तोंडातून निघून गेलं. निघायला नको होतं. तिचा चेहरा असा झाला! डबा न खाता उठली.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी पुतळ्याला अभिवादन करून तशीच पांढऱ्या साडीत ड्युटीवर गेले. अर्पिता बोलली नाही. मीही नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सरांच्या राउंडला शिवांजली वेणी घालून, टिकली लावून बसली होती. "मी बरी हाय सर. घरी सोडा." सर खूश. बाहेर आल्यावर अर्पिताला म्हणाले, "तुम्ही उगीच घाबरवताय सगळ्यांना. गोळ्या लागू पडतायत." अर्पिता म्हणाली, "तुम्ही दिवसातून चार मिनिटं बघता तिला." सर लाल झाले. दारातच दोघांची जुंपली. रुग्ण माना वर करून बघत होते. मला मनातून बरं वाटलं — अर्पिताला कुणीतरी बोललं म्हणून. लाज वाटते लिहायला.

बंडप्पा मामा तीस वर्षं दाराशी बसतात. त्यांना विचारलं, तुमच्याशी बोलते का ती? म्हणाले, "मला म्हनती, मामा, कुलूप लावून चावी तुमच्यापाशीच ठिवा. म्या मागितली तरी देऊ नका."

म्हणजे मला सांगते बाळ आणा. अर्पिताला सांगते आणू नका. सरांना म्हणते घरी सोडा. आणि मामांना म्हणते कोंडून ठेवा!

मामा आणखी एक बोलले. "दोन दिस झाले, तुमी समदे भांडायलाव. आन् ती मातर गप निजायलीय. बगितलं का?"

खरंच. अकरा दिवस न झोपलेली पोर परवापासून सहा-सहा तास झोपतेय. गोळ्यांमुळंच असेल. तिला झोप लागली आणि माझी उडाली.

९ डिसेंबर, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

अकरा वाजता मथुराबाई लंगोट धुवायला हौदावर गेल्या होत्या. खोलीत मल्हार, शेजारी बाळ झोपलेलं. मी विचारलं, "नेऊ का आईकडं, दहा मिनिटं?" तो म्हणाला, "न्या की." नेलं. अर्पिताचं लिहिलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी नेलं. खरं सांगायचं तर ते लिहिलेलं होतं म्हणूनच नेलं.

शिवांजलीनं बाळाला घेतलं, तेव्हा तिचा चेहरा! बाळ चटकन लागलं अंगावर. मी शेजारी बसून होते. वाटलं, बघ अर्पिता, बघ!

तेवढ्यात तीन नंबरला फिट आली. मी धावले. दोन मिनिटं — चार असतील. वळून बघते तर खाट रिकामी. बाळ दाराजवळ जमिनीवर, शिवांजलीच्या शालीत गुंडाळलेलं, किंचाळत होतं. आणि ही बाथरूममध्ये, आतून कडी. आतून धप्‌ धप्‌ आवाज. डोकं आपटत होती की हात, कळेना.

मामांनी खांदा मारून कडी तोडली. ती कोपऱ्यात बसलेली, दोन्ही हात पाठीमागं दाबून धरलेले. मनगटं भिंतीवर आपटून सोललेली. "न्या तिला, न्या तिला, न्या तिला" — एवढंच.

बाळाला काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही.

मथुराबाई धावत आल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्याच पाहिजेत. पण बाईनं बाळ उचललं, छातीशी घेतलं आणि होती तिथं खाली बसली. थडथड कापत होती.  मला तेही नाटक वाटलं. मी अशी कशी आहे?

१० डिसेंबर, बुधवार

सरांनी लेखी खुलासा मागितला. दिला. 'माझी चूक आहे' एवढंच लिहिलं.

अर्पिता स्टाफरूममध्ये आली. "मी लिहून ठेवलं होतं, ताई."

"कारण सांगितलं असतंस तर!"

"तुम्ही ऐकलं असतं?"

 मग तीच रडायला लागली. आणि सांगितलं. शिवांजलीला वाटतं, बाळ हातात असलं की हात आपलं ऐकणार नाहीत. विहिरीवरून जाताना हात सुटतील. उशी उचलली की हात भलतंच करतील. करायचं नाहीये तिला! जीव आहे तिचा लेकरावर. पण चित्र डोळ्यांपुढून हटत नाही. आणि कुणाला कळलं तर बाळ कायमचं काढून घेतील, याची भीती.

म्हणजे काल तिनं बाळ टाकलं नव्हतं. शालीत गुंडाळून, आपल्यापासून लांब, दाराजवळ — कुणाला तरी सापडेल असं — ठेवलं होतं. आणि स्वतःला कोंडून घेतलं होतं.

मी अर्पिताला म्हटलं, "तिनं वाचवलं गं बाळाला." ती म्हणाली, "कुणापासून, ताई?"

११ डिसेंबर, गुरुवार

सरांनी आम्हा तिघांना बसवलं, मामांनाही. कुणी काय ऐकलं ते प्रत्येकानं सांगितलं. मामा संकोचून उभेच होते. सगळं ऐकून झाल्यावर सरांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "तिच्या मनातलं भांडण आपण वाटून घेतलं की! आणि मी सगळ्यात सोपा वाटा घेतला. बरी आहे म्हणाली, मी मान डोलावली." हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

ठरलं — कुणाचं गुपित नाही. उद्या चौघांनी मिळून तिच्यासमोर बसायचं.

माझा वाटा मला का इतका गोड लागला, ते मी तिथं बोलले नाही. इथंही नको.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बसलो. सरांनी हळू आवाजात सगळं मांडलं. वाटलं होतं, ती मोकळी होईल. तिनं एकेकाकडं पाहिलं. अर्पितावर नजर थांबली. "तुमी समद्यांनी एकमेकाला सांगितलं," म्हणाली. आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

जेवली नाही. पाणी नाही. गोळी थुंकली.

पंधरा वर्षं हे काम करतेय. कुणालाच काही येत नाही, हे आज कळलं.

१३ डिसेंबर, शनिवार

तसंच. सलाईन लावलं. अर्पिता आणि मी एका डब्यात जेवलो.

१५ डिसेंबर, सोमवार

बोलली! अर्पिता आणि मी चादर बदलत होतो. भिंतीकडं बघतच म्हणाली —

"बाळी पायजे बी. आन् भ्या बी वाटतंय तिचं. दोन्ही. तुमी एक धरून बसताव, मग दुसरं लई मोठं व्हतंय."

मी आणि अर्पिता चादरीची दोन टोकं धरून तशाच उभ्या.

सरांनी दुधातून बाळाला चालतील अशाच गोळ्या ठेवल्यात. दुपारपासून पाजणं सुरू. अर्पिता उशाशी, मी पायथ्याशी, आणि मथुराबाई अगदी चिकटून, दोन्ही तळवे बाळाच्या खाली धरून. सगळा वेळ! वीस मिनिटं हात काढले नाहीत. मी दोनदा म्हटलं, "मावशी, आम्ही आहोत ना." ऐकलं नाही. शिवांजलीनं मात्र काही हरकत घेतली नाही.

कसली ही अविश्वासाची बाई!

१७ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस छान चाललंय. सकाळी ती अर्पिताला म्हणाली, "आज चित्र आलं, पन गेलं बी." गेलं बी! सर म्हणतात, अजून तीन आठवडे तरी इथंच हवी.

आणि संध्याकाळी मल्हार आला. परवा येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आहे. सगळी भावकी शेतात येणार, घरची बाळंतीण दवाखान्यात म्हटल्यावर लोक काय काय बोलतायत. "येड्याच्या दवाखान्यात ठिवलीय म्हनत्यात. मला दुकानात बसू वाटंना." त्याचाही चेहरा उतरलेला. वाईट माणूस नाही तो. पण समजावून समजावून माझं तोंड दुखलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

गेली.

सरांनी शिवांजलीलाच विचारलं. ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "जाऊ की." अर्पिताकडं बघून मान नकारार्थी हलवली — एवढीशी. मग म्हणाली, "तुमीच ठरवा." सर म्हणाले, तिच्या मर्जीविरुद्ध ठेवता येणार नाही, कायदा बघावा लागेल. अर्पिता म्हणाली, ही तर तिची मर्जीच नाहीये! मी म्हटलं, सरांनी ठाम सांगावं. सर म्हणाले, सिस्टर, तुमचं ऐकते ती, तुम्ही सांगा. परत तेच! आठ दिवसांपूर्वी शहाणे झालो होतो आम्ही. आम्ही एकमेकांवर ढकलत होतो तोवर मल्हारनं 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर सही करून टाकली.

फाटकाशी मथुराबाईनं मला गाठलं. बाळ पदराखाली. "सिस्टर, तिला सोडू नका. पाया पडते. ठिवून घ्या."

मी थकले होते. चिडले होते. म्हणाले, "तुम्हाला सून घरात नकोच आहे ना? मुलगी झाली म्हणून?"

बाईनं बाळावरचा पदर सारखा केला. मग जीपमध्ये जाऊन बसली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

अर्धा वॉर्ड रिकामा. ज्याला त्याला शेतात जायचंय. मामांनी शेतातून आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे आणले. छान पंगत बसली स्टाफरूममध्ये. सरही मांडी घालून बसले.

घास घेता घेता अर्पिता थांबली. "ताई, त्यांच्या शेतात विहीर असेल ना?"

मग ताटं तशीच राहिली.

मल्हारला फोन लावले. दिवसभरात अकरा वेळा. लागला नाही. शेतात रेंज नसते, मामा म्हणत होते. दर वेळी तेच म्हणत होते.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी लागला. "बरी हाय." ठेवला त्यानं.

आहे. तेवढं पुरे.

२४ डिसेंबर, बुधवार

सात नंबरला आज नवीन बाई आली. चादर घालताना मी आणि अर्पितानं एकमेकींकडं पाहिलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

शिवांजलीची आज तपासणीची तारीख होती. चारपर्यंत वाट पाहिली. आले नाहीत.

फोनवर मल्हार म्हणाला, "गोळ्या म्या बंद केल्या. निस्ती झोपून ऱ्हायची." मी काय बोलणार? बोलले पुष्कळ. त्यानं ऐकून घेतलं, "बगतो" म्हणाला.

मग त्यांच्या गावातल्या आशा कार्यकर्तीला फोन केला. ती दोनदा जाऊन आली म्हणे. "सासू उंबऱ्यात बसलेली असती, सिस्टर. आत जाऊ देत न्हाय. लेकरू सुनेला एकटीला घेऊ देत न्हाय. रात न् दिस तिथंच. लोक म्हनत्यात सुनेला कोंडून ठिवलंय."

मला वाटलंच होतं!

अर्पिता म्हणते पोलिसांना सांगू. सर म्हणतात आधी आपण जाऊन बघू, महिला समितीच्या बाईंना घेऊन. गाडी पुढच्या मंगळवारी मिळेल. मंगळवारी! आठ दिवस! पण गाडी एकच आहे आणि तालुके आठ. मी सरांवर ओरडले.  ते टेबलावर डोकं टेकून बसले. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

१ जानेवारी, गुरुवार

उत्कर्षचा फोन आला, आपणहून. "हॅपी न्यू इयर, आई." मी काय काय विचारलं. मग म्हटलं, "तुला लहानपणी आजीकडं ठेवलं, त्याचा राग आहे का रे?" तो गोंधळला. "काय गं, सकाळी सकाळी?" नंतर म्हणाला, "माहीत नाही. असेल. पण तू यायचीस तेव्हा लई भारी वाटायचं."

दोन्ही! 

३ जानेवारी, शनिवार

मंगळवारची गाडी पक्की. महिला समितीच्या बाई येणार आहेत. मथुराबाईला काय काय सुनवायचं, ते मनात पाठ झालंय माझं.

५ जानेवारी, सोमवार

ओपीडीत अकरा वाजता ते आपणहूनच आले. सगळे. मल्हार, मागं मथुराबाई, शिवांजली, तिच्या खांद्यावर बाळी — गुटगुटीत! मी खुर्चीवरून उठलेच. शिवांजली म्हणाली, "गोळ्या चालू हायत, सिस्टर. यांनी बंद केल्या, तवा ह्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी परत सुरू केल्या. रोज हातावर ठिवत्यात. आन् माझ्या नि बाळीच्या मधी बसून ऱ्हात्यात. डोळा लावत न्हाईत."

मी तिचा केसपेपर शोधायला लागले.

"तिचा नगं," मथुराबाई म्हणाल्या. "माझा काढा."

डोळे खोल गेलेले. सगळ्यांना त्यांनी बाहेर बाकावर बसवलं. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "माझी पैली लेक तापानं गेली, असं समदं गाव म्हनतं. ताप न्हवता तिला. दीड म्हयन्याची हुती. माझ्याच हातानं गेली. मला बी असंच व्हत हुतं. कुणाला सांगू? सांगायला कुणी न्हवतंच."

मी पाणी दिलं. ते त्या प्यायल्या नाहीत. काय करायचं मला सुचेना, म्हणून नवा कागद घेतला. नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढचा रकाना सवयीनं वाचला — त्रास किती दिवसांपासून?

"बेचाळीस वर्सं," त्या म्हणाल्या.